चार अणूंची साक्ष

शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं उघडतं आणि मिटतं. समोरचं झाड, त्याच्या पारावर बसलेली माणसं, त्यांच्या सावल्या, सगळं फिल्मवर उतरलेलं असतं. पण त्या क्षणी ही फिल्म आणि डबीतली कोरी फिल्म यांत डोळ्यांना काडीचाही फरक सापडणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडणार नाही. चित्र मात्र तिथे आहे, बारीकसारीक तपशिलासह आहे, आणि थंड जागी राहिलं तर ते दम धरून राहतं.

किती दम? १८९७ साली स्वीडनचा सॉलोमन आंद्रे दोन साथीदारांसह फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. फुगा बर्फावर उतरला आणि तिघंही परतीच्या वाटेवर मरण पावले. १९३० साली त्यांचे अवशेष एका बर्फाळ बेटावर सापडले, आणि त्यांच्यासोबत चित्रं घेतलेली फिल्मही. तेहेतीस वर्षं ती बर्फात आणि ओलाव्यात पडून होती. स्टॉकहोममध्ये ती धुतली, तेव्हा ९३ चित्रं हाती आली. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली माणसं त्यांत दिसतात.

फिल्मवरच्या या न दिसणाऱ्या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात आणि ती दिसती करणाऱ्या द्रवाला डेव्हलपर. हा डेव्हलपर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांच्यापासून घरच्या ओट्यावर तयार होतो. तो कसा करायचा ते पुढे येईलच. त्याआधी तो नेमकं काय करतो ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

अब्जावधींत चार

फिल्मचा थर म्हणजे जिलेटिनमध्ये विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे कण. एकेक कण म्हणजे एक स्फटिक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा. एवढ्याशा जागेत चांदीचे आयन मात्र अब्जावधी असतात. चांदीचा आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. तो इलेक्ट्रॉन परत मिळाला की आयनाचा चांदीचा अणू होतो, अस्सल धातूचा. कृष्णधवल छायाचित्रणाचं सगळं रसायनशास्त्र या एका देवघेवीवर उभं आहे.

प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकावर पडतो आणि ब्रोमाइडकडचा एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. तो स्फटिकात भटकत एखाद्या खाचेत अडकतो. जवळचा चांदीचा आयन सरकत तिथे येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. एकटा अणू टिकत नाही, थोड्याच वेळात मोडतो. तोवर आणखी एक फोटॉन आला आणि दुसरा अणू शेजारी बसला, तर जोडी तग धरते. असे साधारण चार अणू एका ठिकाणी जमले की त्या स्फटिकाने प्रकाश पाहिला, हे पक्कं होतं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ साली या घडामोडीचा उलगडा मांडला. अगदी मंद उजेडात शटर नेहमीच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडं का ठेवावं लागतं, याचंही उत्तर यातच आहे. फोटॉन इतके सावकाश येतात, की दुसरा अणू यायच्या आत पहिला मोडून गेलेला असतो.

अणू जमण्याची ती खाच कुठून येते, याची कथाही ऐकण्यासारखी आहे. जिलेटिन गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिल्म करणाऱ्यांना असा अनुभव येई, की जिलेटिनच्या एका खेपेची फिल्म तल्लख निघायची आणि दुसऱ्या खेपेची मंद. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने १९२५ च्या सुमारास कारण शोधून काढलं. तल्लख जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलातल्या तिखट द्रव्याशी नातं सांगणारी गंधकाची संयुगं अत्यल्प प्रमाणात होती. गुरांनी चरताना मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या होत्या. तो गंधक स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे अतिसूक्ष्म ठिपके करायचा आणि भटके इलेक्ट्रॉन तिथे अडकायचे. गुरांच्या चाऱ्यातला एक तण फिल्मची नजर तीक्ष्ण करत होता!

हात आखडता घेणारं रसायन

आता डेव्हलपरचं काम. वरवर ते सोपं वाटतं. चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवले की झालं, आणि इलेक्ट्रॉन देणारी रसायनं पुष्कळ आहेत. पण फार जोरकस रसायन घेतलं, तर ते प्रकाश पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या स्फटिकांची सरसकट चांदी करून टाकेल. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होईल आणि चित्र कायमचं जाईल. म्हणून डेव्हलपरचं कसब हात आखडता घेण्यात आहे. त्याची ताकद एवढीच हवी, की ज्या स्फटिकावर चार अणूंचा ठिपका आहे तिथेच काम सुरू व्हावं. तो ठिपका डेव्हलपरकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि स्फटिकातल्या आयनांना देतो. नवी चांदी ठिपक्यालाच चिकटते, ठिपका वाढतो, काम आणखी वेगाने होतं, आणि काही मिनिटांत अख्खा स्फटिक चांदीचा होतो. चार अणूंच्या साक्षीवरून अब्जावधींचा निकाल लागतो.

दोन भांड्यांत सारखंच दूध घेतलं आणि एकालाच विरजण लावलं, तर सकाळी एकाचं दही झालेलं असतं आणि दुसऱ्यात दूधच असतं. स्फटिकांचं तसंच आहे. मात्र दुसरं भांडंही फार वेळ बाहेर राहिलं तर नासतं. फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिली, किंवा द्रव जास्त गरम असला, तर कोरे स्फटिकही काळवंडू लागतात आणि सगळ्या चित्रावर राखाडी धुकं चढतं. डार्करूममधल्या माणसाचा एक डोळा घड्याळावर आणि एक तापमापीवर का असतो, ते यावरून कळेल.

चकाकणारी चांदी निगेटिव्हवर काळी का दिसते? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर डेव्हलप झालेला कण गुळगुळीत नसतो. चांदीच्या बारीक धाग्यांचा तो गुंता असतो. त्या गुंत्यात शिरलेला प्रकाश बाहेर येत नाही, आणि म्हणून ती चांदी काळी दिसते.

मायफळापासून मेटॉलपर्यंत

कागदावरची सुप्त प्रतिमा पहिल्यांदा जागी केली ती इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने, सप्टेंबर १८४० मध्ये. तोवर त्याचा कागद कॅमेऱ्यातच काळा पडेपर्यंत उन्हात वाट पाहावी लागे. गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचं मिश्रण वापरल्यावर मात्र जवळजवळ कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर चित्र वर येऊ लागलं. गॅलिक आम्ल मिळायचं ते ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठींपासून. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे अशीच ओकवरची गाठ. बाळाच्या पोटासाठी सहाणेवर फिरणारं हे फळ आणि डेव्हलप केलेली जगातली पहिली कागदी निगेटिव्ह यांच्यामागे एकाच कुळातली द्रव्यं आहेत.

हे कूळ फिनॉलांचं. कार्बनच्या सहा अणूंचं कडं आणि त्याला लागलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, अशी त्यांची ठेवण असते. असे दोन गट कड्यावर शेजारी किंवा समोरासमोर असले, की ते द्रव्य इलेक्ट्रॉन द्यायला तयार होतं, आणि द्यायची घाईही करत नाही. डेव्हलपरला नेमकं हेच हवं असतं. १८८० साली विल्यम ॲबनीने हायड्रोक्विनोन वापरात आणलं, १८९१ मध्ये मेटॉल आलं. मेटॉल झटपट कामाला लागतं पण लवकर थकतं, हायड्रोक्विनोन उशिरा हलतं. दोघं एकत्र आले, की थकलेल्या मेटॉलला हायड्रोक्विनोन पुन्हा ताजं करत राहतं आणि दोघांचं मिळून काम त्यांच्या स्वतंत्र कामांच्या बेरजेपेक्षा जास्त होतं.

या जोडीवरची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे कोडॅकची डी-७६, सिनेमाच्या फिल्मसाठी १९२० च्या दशकात तयार झालेली. ती कधीच गुपित नव्हती. एक लिटर द्रवासाठी २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम टाकणखार म्हणजे बोरॅक्स. पाऊण लिटर कोमट पाण्यात याच क्रमाने एकेक विरघळवायचं आणि शेवटी पाणी लिटरभर करायचं. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट पाण्यात टाकतात, नाहीतर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मेटॉलला लागतो. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मात्र मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपतं आणि स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून चित्राचा दाणा मऊ करतं. बोरॅक्समुळे द्रव थोडा अल्कधर्मी राहतो. शंभर वर्षं होत आली, तरी जगभर कृष्णधवल फिल्म या कृतीत धुतली जाते.

अशी रसायनं घरी मिसळणं हा आजचा छंद नव्हे. छायाचित्रणाची पहिली पिढी सगळं स्वतःच तोलून मिसळत असे. भारतीय सिनेमाही घरातच धुतला गेला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या राहत्या घरातून उभा केला. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या छिद्रांविना यायची. सरस्वतीबाई फाळके अंधारात तिला छिद्रं पाडायला शिकल्या, रसायनं मिसळायला आणि फिल्म धुवायला शिकल्या, आणि सोबत चित्रपटासाठी राबणाऱ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी लोकांनी जे पाहिलं, ते या घरच्या रसायनांतून वर आलेलं होतं.

कॉफीचा डेव्हलपर

फिनॉल प्रयोगशाळेपुरते नाहीत, झाडापाल्यात ते ठासून भरलेले आहेत. चहा, कॉफी, रेड वाइन, हिरडा, सगळ्यांत आहेत. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांत फिल्म डेव्हलप करून दाखवली. पुढे हौशी लोकांनी त्यात व्हिटॅमिन सीची भर घातली. या डेव्हलपरला कॅफेनॉल म्हणतात, पण काम कॅफीन करत नाही. ते करतं कॅफेइक आम्ल, शेजारी-शेजारी दोन गट बाळगणारं फिनॉल. व्हिटॅमिन सी स्वतः चांगला डेव्हलपर आहे, आणि कॉफीसोबत त्याची जोडी मेटॉल-हायड्रोक्विनोनसारखीच जमते.

लिटरभर पाण्याला प्रमाण असं: निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. ३५ मिलिमीटरचा एक रोल धुण्याच्या डब्याला, म्हणजे टँकला, अर्धा लिटर पुरतो, म्हणून २७, ८ आणि २० ग्रॅम घ्या. काटा ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा हवा, चमच्यांचा अंदाज नको.

सोड्याकडे विशेष लक्ष द्या. लागतो तो सोडियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा नव्हे. बाजारातला धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि ५४ ग्रॅमच्या जागी जवळजवळ १४६ ग्रॅम घ्यावा लागतो. खात्रीचा सोडा मिळाला नाही तर घरी करता येतो. ४३ ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. थंड झाल्यावर तोला. काटा २७ ग्रॅमवर आला, तर सगळ्या सोड्याचं कार्बोनेट झालं असं समजा. काट्याने ३० दाखवले तर आणखी तापवा. रासायनिक समीकरण बरोबर सुटलं की नाही ते वजनकाटा सांगतो, आणि तेही ओट्यावर. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र घेऊ नका, सोडा ते खातो.

कॉफी स्वस्तातली चालते, किंबहुना तीच बरी. रोबस्टा जातीच्या बियांत, ज्यांपासून कॅफेइक आम्ल सुटतं ती द्रव्यं अरेबिकापेक्षा जास्त असतात. आपल्याकडच्या पुष्कळ इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते, म्हणून वेष्टनावर निव्वळ कॉफी लिहिलेली पाहून घ्या. व्हिटॅमिन सी गोळ्यांचं नको, शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड हवी.

आधी सोडा पाण्यात पूर्ण विरघळू द्या. द्रव स्वच्छ झाला की व्हिटॅमिन सी घाला. आम्ल आणि अल्क भेटतात आणि बुडबुडे सुटतात. ते शमले की कॉफी. ढवळताना द्रव गर्द तपकिरी होतो आणि कॉफीचा वास पार जाऊन त्या जागी उग्र, कुजकट वास येतो. सोड्याच्या अल्कामुळे फिनॉलांच्या गटांवरचा हायड्रोजन सुटतो आणि मग ते इलेक्ट्रॉन मोकळ्या हाताने देऊ लागतात. सोड्याविना हीच कॉफी फिल्मला जवळजवळ हातही लावत नाही. फेस बसेपर्यंत पाच मिनिटं थांबा आणि द्रव लगेच वापरा, तो टिकत नाही.

अंधारातली पंधरा मिनिटं

फिल्म टँकच्या चक्रीवर गुंडाळायची ती मिट्ट काळोखात किंवा हात घालायच्या काळ्या पिशवीत. लाल दिवा कागदी प्रिंटसाठी असतो. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशही पाहते. एखादी वाया जाणारी फिल्म घेऊन उजेडात सराव करा, मग डोळे मिटून करा, मगच खरा रोल हाती घ्या. टँकचं झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात होतं.

द्रव २० अंश सेल्सिअसला हवा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात नळाचं पाणी तिशीच्या पुढे असतं. त्या तापमानात डेव्हलपर बेफाम होतो आणि जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखाने सुटू शकतं. बादलीत बर्फ घालून त्यात द्रवाची भांडी उभी ठेवा आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं घ्या.

डेव्हलपर ओतल्यावर पहिलं अर्धं मिनिट टँक हळूहळू उलटासुलटा करा, मग दर मिनिटाला तीनदा. १०० आयएसओच्या आसपासच्या फिल्मला साधारण १५ मिनिटं पुरतात. ४०० आयएसओच्या, म्हणजे जास्त तल्लख, फिल्मवर धुकं लवकर चढतं, म्हणून लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात. ते कोऱ्या स्फटिकांना आवरून धरतं. वेळ झाली की द्रव ओतून द्या आणि पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत टँक विसळा.

आता हायपो. चित्र उमटलं, पण न वापरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड अजून फिल्मवर आहे आणि उजेडात तेही काळवंडेल. ते विरघळवणाऱ्या हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा, हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता. छायाचित्र टिकवायला तो कामी आला वीस वर्षांनी, १८३९ मध्ये. फिल्मचा एक तुकडा आधी हायपोत टाकून पाहा. दुधट तुकडा किती वेळात नितळ होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवा. मग पाणी बदलत नीट धुवा.

आणि चक्री बाहेर काढा. ओल्या पट्टीवर आकाश काळं आहे, सावल्या काचेसारख्या नितळ आहेत, पारावरच्या माणसाचे पांढरे केस गडद आहेत. कॉफीने सगळ्या पट्टीला फिकट तपकिरी छटा दिलेली असते, त्याने प्रिंट बिघडत नाही. धुळीपासून दूर, क्लिपेला टांगून वाळू द्या.

थोडं सावधगिरीचं. इथे वापरलेली भांडी आणि चमचे पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका, मग त्यात कॉफीच का असेना. डी-७६ करायची असेल तर हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. वापरलेल्या हायपोत फिल्मवरची विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरते. तो द्रव मोरीत न ओतता बाटलीत साठवा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी बुडवून ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन तळाशी बसते.

घरात जुना फिल्म कॅमेरा असेल, तर १०० आयएसओचा एक कृष्णधवल रोल आणा. पहिला रोल लग्नामुंजीचा नको, गल्लीतल्या रोजच्या गोष्टींचा असू द्या. तो बाहेर धुवायला देऊ नका. शाळेत रसायनशास्त्र शिकणारं पोर घरात असेल तर त्याला काट्याशी उभं करा, घड्याळ त्याच्या हाती द्या आणि रोल दोघांनी मिळून धुवा. ऑक्सिडेशन आणि रिडक्शनचा धडा याहून चांगला शिकवणारी प्रयोगशाळा मला माहीत नाही.